अथेन्सहून नाफ्प्लिओ एका दिवसात: बस की व्हॅन?

अथेन्सच्या कुठल्याही हॉटेलात काउंटरवर रंगीत पत्रकांचा गठ्ठा असतो. त्यातलं एक हमखास: कोरिंथचा कालवा, मायसीनीचा प्राचीन किल्ला, एपिडॉरसचं प्राचीन थिएटर आणि नाफ्प्लिओ हे समुद्रकाठचं गाव, सगळं एका दिवसात. आमच्यात यावरून दोन तट पडले. साडू आणि त्यांची मुलं मोठ्या बसने गेली. आम्ही, म्हणजे मी, बायको, आई आणि काका-काकू, ड्रायव्हरसकट व्हॅन केली. एकाच रस्त्याचे दोन हिशेब हाती आले, म्हणून हे लिहितोय. दिवाळीत नाशिकहून बरेच जण तिकडे निघालेत असं ऐकतो.

आधी पैसे. व्हॅन माणशी बसच्या साधारण दीडपट पडली. त्यात स्थळांची तिकिटं नाहीत, जेवण नाही आणि गाइडही नाही. हा शेवटचा मुद्दा नीट समजून घ्या. ग्रीसमध्ये परवानाधारक गाइडशिवाय कुणाला स्थळाच्या आत माहिती सांगत फिरता येत नाही. ड्रायव्हर कितीही जाणकार असला तरी गेटपाशीच थांबतो, गप्पा फक्त गाडीत. मायसीनीसाठी आम्ही वेगळी गाइड घेतली. महाग वाटली, पण पैसे वसूल झाले.

व्हॅनचा खरा फायदा वेळेचा. सातला निघालो, कालव्यावर चहापुरते थांबलो आणि नऊच्या सुमारास मायसीनीला पोचलो, तेव्हा पार्किंगमध्ये एकही बस नव्हती. साडूंची बस तिथे पोचली भर उन्हात. सप्टेंबरअखेर असूनही तिथलं ऊन आपल्या मे महिन्याची आठवण करून देतं आणि वर झाडाची सावली औषधालाही नाही. पायाखालचे दगड झिजून गुळगुळीत झालेत. वयस्कर माणसं बरोबर असतील तर सकाळीच जा आणि रबरी तळव्याचे बूट घाला.

कालव्याबद्दल फार लिहीत नाही. सहा किलोमीटरच्या वर लांब, १८९३ साली खुला झाला आणि आजच्या मोठ्या जहाजांना अरुंद पडतो. नीरो बादशहाने इ.स. ६७ मध्ये इथे खोदकाम सुरू करवलं होतं, ते अर्धवट राहिलं. पुलावरून खाली बघा, फोटो काढा, स्वच्छतागृह वापरा, निघा.

मायसीनीत मात्र रेंगाळा. सिंहद्वार सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचं. वरच्या दोन्ही सिंहिणींची डोकी गायब आहेत, तरी त्या मधल्या खांबाखालच्या ओट्यावर पंजे टेकून ऐटीत उभ्या आहेत. श्लीमान या जर्मन उत्खननकाराने १८७६ मध्ये इथे खणून सोन्याचा मुखवटा काढला. तो अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे, इथे त्याची प्रतिकृती बघायला मिळते. पण मला सगळ्यात भावलं ते किल्ल्याच्या थोडं अलीकडे असलेलं घुमटाकार थडगं, 'अट्रियसचा खजिना'. त्याच्या दारावरची आतली एकच शिळा सुमारे १२० टनांची आहे. काका आयुष्यभर बांधकाम ठेकेदारी केलेले, ते तिच्याखाली मान वर करून उभे राहिले ते हलेचनात. साडूंच्या बसने हे थडगं गाळलं. का, तर वाटेत मातीच्या भांड्यांच्या दुकानात पाऊण तास घालवायचा होता.

गाइडबाईंनी आम्ही कुठले म्हणून विचारलं. नाशिक त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. मग सांगितलं की आमच्या पांडवलेण्यातल्या सतराव्या लेण्यात इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, दान दिल्याचा शिलालेख आहे. त्यांनी ते नाव वहीत लिहून घेतलं. (आपल्यातले किती जण पायऱ्या चढून ते लेणं बघून आलेत, हा प्रश्न वेगळा.)

आता ड्रायव्हर. हा माणूस आर्गोसचा, घरची संत्र्याची बाग. मी दिंडोरीचा द्राक्षवाला आहे कळल्यावर त्याने कोरिंथ-मायसीनीच्या मध्ये गाडी स्वतःहून नेमेयाकडे वळवली. पत्रकात हे कुठेच नव्हतं. नेमेया म्हणजे तिथला वाइनचा पट्टा, आगिओर्गितिको या काळ्या द्राक्षाचा. तोडणी चालू होती. आपल्यासारखा मांडव नाही, तारेवर बांधलेल्या बुटक्या वेली. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात वेल झोपते तेव्हा. आपली एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी समजावताना माझी दमछाक झाली. एका पिकासाठी दोनदा कात्री कशाला, हे त्याला काही केल्या पटेना. आमच्याकडे थंडीतही वेल झोपत नाही, म्हणून, एवढं सांगून सोडून दिलं. पुढचा सगळा रस्ता भाव, व्यापारी आणि दलाल यांवर बोलण्यात गेला. तिथेही रड तीच.

एपिडॉरसचं थिएटर इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं, ५५ ओळींचं. टाचणी पडली तरी वरपर्यंत ऐकू येते, असं सगळे सांगतात. मी सगळ्यात वर जाऊन बसलो. खाली बायको कुजबुजली ते काही मला कळलं नाही. पण मधल्या गोल दगडावर उभी राहून आई नेहमीच्या आवाजात "पाण्याची बाटली तुझ्याकडेच राहिली रे" म्हणाली, तो शब्दन् शब्द वर आला.

नाफ्प्लिओ हे १८३४ पर्यंत नव्या ग्रीसच्या राजधानीचं शहर होतं. संगमरवरी चौक, बोगनवेल, समुद्रात बुर्त्झीचा चिमुकला किल्ला. सेंट स्पिरिडॉन चर्चच्या दाराशी १८३१ मध्ये कापोदिस्त्रियास या पहिल्या राज्यप्रमुखाचा खून झाला. तिथल्या भिंतीवर गोळीची खूण काचेआड जपून ठेवली आहे. वर पालामिदी किल्ला, व्हेनिसवाल्यांनी १७११ ते १७१४ मध्ये बांधलेला. पायऱ्या ९९९ असल्याचं गावकरी छातीठोकपणे सांगतात. खऱ्या त्याहून कमी असल्या तरी गुडघ्यांना तेवढ्याही पुरतात. वणीच्या गडाला आता ट्रॉली आहे, इथे नाही. पण मागच्या बाजूने गाडी थेट दरवाजापर्यंत जाते आणि व्हॅनने आम्हाला तिथे सोडलं. बसवाल्यांना या गावात मिळाली पस्तीस मिनिटं. साडूंनी आइस्क्रीम खाल्लं आणि परतले. मी तर म्हणेन, कुठल्याही कंपनीला आधी एवढंच विचारा: नाफ्प्लिओत किती वेळ? दोन तासांच्या खाली उत्तर आलं तर पुढे बोलूच नका.

व्हॅन कंपनीवर राग एकाच गोष्टीचा. शाकाहारी जेवणाची सोय करतो म्हणाले आणि नेलं अशा ठिकाणी जिथे आम्हाला फ्रेंच फ्राइज आणि काकडी-टोमॅटो मिळाले. दुसऱ्या खेपेला आम्हीच शहाणे झालो. 'निस्तीसिमो' म्हणजे उपवासाचं मागायचं. त्यात मांस, अंडी, दूध काहीच नसतं. मात्र त्यांच्या उपवासाला कोळंबी आणि ऑक्टोपस चालतात, तेव्हा तेही नको असं स्पष्ट सांगा. टोमॅटोत शिजवलेले मोठाले पांढरे घेवडे आणि भात भरलेली ढोबळी मिरची, काकूंनी दोन्ही पुन्हा मागवलं.

इतर सहलींचं थोडक्यात. सुनियोनचं पोसायडनचं देऊळ अर्ध्या दिवसात होतं, सूर्यास्ताच्या हिशेबाने निघा. तिथल्या एका खांबावर कवी बायरनचं नाव कोरलेलं आहे. आपल्या गडांवर नावं कोरणाऱ्यांनी मात्र यातून स्फूर्ती घेऊ नये. हिड्रा बेटावर गाड्यांना बंदी, सामान खेचरं-गाढवं वाहतात. पिरेअस बंदरातून स्वतंत्र बोटीचं तिकीट काढून जा, एका दिवसात तीन बेटं दाखवणाऱ्या क्रूझवर निम्मा वेळ डेकवरच जातो. आणि मोनेमवासिया हे तटबंदीचं जुनं गाव एका दिवसात दाखवतो म्हणणाऱ्याला हात जोडा. अथेन्सहून ते तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, जाऊन-येऊन आठ तास गाडीत. तिथे मुक्कामच करावा.