नेदरलँड्समधल्या उट्रेख्तमध्ये ‘स्मोकिंग’ भाड्याने घेतलं, ५ पैकी ४ स्टार

ऑफिसच्या पार्टीचं आमंत्रण आलं, खाली डचमध्ये ‘कपडे: स्मोकिंग’. बायको म्हणाली, अहो यांना बिडी ओढायला पण वेगळा ड्रेस लागतो का? तर नाही, डचमध्ये स्मोकिंग म्हणजे तो काळा कोट-पँट, चकचकीत सॅटिनच्या कॉलरचा, जेम्स बाँड घालतो तो. मँचेस्टरच्या कलीगला सांगितलं की मी स्मोकिंग भाड्याने घेतोय तर तो हसतच सुटला, कारण इंग्रज याला डिनर जॅकेट म्हणतात आणि अमेरिकन टक्सिडो, न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्कवरून. म्हणजे शब्द इंग्रजांचा आणि तोच इंग्रजांना कळत नाही!

दुकान जुन्या गावात, कालव्याजवळच्या गल्लीत. मालक सत्तरीचे आजोबा, टेप न लावताच म्हणाले ‘५०’, आणि कोट खरंच खांद्याला चपखल बसला. ट्रायल करता करता त्यांनीच सांगितलं की १९व्या शतकात इंग्लंडमधले साहेब लोक जेवण झाल्यावर मखमली जॅकेट चढवून सिगार ओढायचे, चांगल्या कपड्यांना वास नको म्हणून, ते स्मोकिंग जॅकेट. युरोपात लोकांनी जॅकेट गाळलं, स्मोकिंग ठेवलं, आणि नाव बसलं भलत्याच कोटावर. डच लोकांची ही सवयच दिसते, तंबू ठोकायच्या जागेला कॅम्पिंग, नाचायच्या हॉलला डान्सिंग. आपण तरी काय हसायचं म्हणा, आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर ‘सूटिंग शर्टिंग’ असतंच की.

शेजारच्या रॅकवर ‘रोककोस्टूम’ लिहिलेलं, रोक म्हणजे स्कर्ट एवढंच डच मला येतं त्यामुळे मी दोन पावलं मागेच सरलो. तो मागे शेपट्या असलेला कोट निघाला.

एक स्टार कापला तो पँटसाठी. दोन इंच आखूड करायला सांगितलेली, घरी आणून बघितली तर तशीच लोळतेय, परत चक्कर, वर पार्किंगचे पैसे गेले ते वेगळेच. पण आजोबांनी समोर बसून दहा मिनिटांत टीप मारून दिली. बो-टायला इथे व्लिंडरदास म्हणतात, फुलपाखरू-टाय! गाठ कशी मारायची ते दोनदा शिकवलं, तिसऱ्यांदा माझ्या बोटांकडे बघून काही न बोलता ड्रॉवरमधून हुकवाला रेडिमेड काढून दिला.