‘घरबसल्या आर.एन. व्हा’: कॉलेजात नाव घातलं असं वाटतं, घेतलेली असतात पुस्तकं

करारावर सही करताना माणसाला वाटतं, आपण कॉलेजात नाव घातलं. प्रत्यक्षात त्याने पुस्तकं विकत घेतलेली असतात, तीही कर्ज काढून. अमेरिकेत ‘नोकरी न सोडता अभ्यास करा, परीक्षा देऊन क्रेडिट मिळवा, आर.एन. व्हा’ (आर.एन. म्हणजे नोंदणीकृत, पूर्ण परवान्याची नर्स) या घोषणेखाली वर्षानुवर्षं जो धंदा चालला, त्याचं सार एवढंच. यात सापडणारी माणसं अडाणी नसतात. एलपीएन, म्हणजे साधारण वर्षभराचं शिक्षण घेतलेली, आर.एन.च्या हाताखाली काम करणारी नर्स, अ‍ॅम्ब्युलन्सवरचा पॅरामेडिक, नर्सिंग होममध्ये बारा-बारा तासांच्या पाळ्या करणारी सीएनए, म्हणजे रुग्णांची रोजची शुश्रूषा करणारी प्रमाणपत्रधारक मदतनीस. यांना दिवसा वर्गात बसणं जमत नाही आणि जवळच्या कम्युनिटी कॉलेजची प्रतीक्षायादी लांबलचक असते. विक्रेत्याला हेच गिऱ्हाईक हवं असतं.

फसवणूक पचते, कारण तिच्यातल्या बहुतेक गोष्टी खऱ्या असतात. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षणावर देखरेख करणाऱ्या बोर्ड ऑफ रीजंट्सने 1971 मध्ये वर्गांशिवायची पदवी योजना सुरू केली. जिथे जमेल तिथे शिका, परीक्षा द्या, पुरेशी क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, झाली की पदवी. त्याच दशकात नर्सिंगही त्यात आलं. पुढे ही संस्था 1998 मध्ये स्वतंत्र झाली, 2001 मध्ये एक्सेलसियर कॉलेज झाली आणि 2022 पासून ती एक्सेलसियर युनिव्हर्सिटी आहे. या वाटेने असंख्य एलपीएन आर.एन. झाल्या. वाट खरी, पदवी खरी, परीक्षाही खऱ्या. खोटा असतो तो मधल्या माणसाने भासवलेला विद्यापीठाशी संबंध.

सौदा कसा होतो ते बघा. जाहिरातीखालचा फॉर्म भरला की ‘अ‍ॅडमिशन सल्लागार’ फोन करतो, कधी घरी येतो. तो विद्यापीठाचं नाव वारंवार घेतो, पण ‘मी विद्यापीठाकडून आलोय’ असं कधीच म्हणत नाही. ‘तुमची पात्रता तपासतो’ म्हणत आधीचे गुणपत्रक मागतो आणि दुसऱ्या दिवशी ‘तुम्ही पात्र ठरलात’ असं कळवतो. या पात्रतेला काडीची किंमत नसते. ती त्याने स्वतःच ठरवलेली असते. मग डझन-दीड डझन ‘मॉड्यूल’ची यादी येते. एकेक मॉड्यूल म्हणजे एका परीक्षेचं गाइड आणि सराव प्रश्न. सगळं एकगठ्ठा घ्यायचं, सुटं मिळत नाही. बेरीज हजारो डॉलरवर जाते आणि ती भागवायला खाजगी कर्जाचा अर्ज सल्लागाराच्या बॅगेतच तयार असतो.

करारात सगळं लिहिलेलंही असतं, म्हणूनच नंतर भांडायला जड जातं. मथळा ‘अभ्यास साहित्य खरेदी करार’ असा. आत कुठेतरी बारीक अक्षरात ‘कंपनी प्रकाशक आहे, कोणत्याही विद्यापीठाशी संलग्न नाही, प्रवेशाची किंवा परवान्याची हमी देत नाही’. आणि ज्या ‘पास व्हा नाहीतर पैसे परत’वर माणूस भाळतो, त्याला अटींचं शेपूट: अमुक महिन्यांत परीक्षा दिलेली हवी, त्याआधी सराव चाचण्यांत अमुक टक्के हवेत, नापासाचा मूळ अहवाल हवा, आणि परतावा फक्त त्या एका मॉड्यूलचा. पहिल्या दोन परीक्षांनंतर अभ्यास रखडला की मुदत आपोआप निघून जाते. बहुतेकांचा अभ्यास रखडतोच. विक्रेत्याचं गणित त्यावरच उभं असतं.

सहीपूर्वी तीन प्रश्न विचारा. पहिला: विद्यापीठाने दिलेला माझा विद्यार्थी क्रमांक कोणता? दुसरा: तुमचा फेडरल स्कूल कोड काय? सरकारी शैक्षणिक मदतीच्या अर्जात, म्हणजे फाफ्सात, हा सहा अक्षरी-आकडी कोड लागतो आणि पुस्तकविक्रेत्याकडे तो नसतो. म्हणून तर खाजगी कर्ज पुढे केलं जातं. तिसरा: वर्षअखेरीला मला 1098-टी मिळेल का? करसवलतीसाठीचा हा शिक्षणशुल्काचा दाखला शिक्षणसंस्था देते, दुकानदार नाही. उत्तरं गोलमोल आली तर विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून क्रमांक घेऊन रजिस्ट्रारला फोन करा. सल्लागाराने दिलेल्या क्रमांकावर करू नका, तो त्याच्याच शेजारच्या टेबलावर वाजतो.

त्या गठ्ठ्यात असतं तरी काय? मानसशास्त्र, समाजशास्त्र, मानवी वाढ आणि विकास, इंग्रजी निबंधलेखन असे सामान्य विषय. यांच्यासाठी कॉलेज बोर्डाची क्लेप परीक्षा आहे: बहुतेक विषयांना दीड तास, गुण 20 ते 80 च्या मोजपट्टीवर, सर्वसाधारण शिफारस 50 ला क्रेडिट द्यावं अशी. शुल्क शंभर डॉलरच्या आसपास, परीक्षाकेंद्राचं शुल्क वेगळं. नापास झालात तर तोच विषय तीन महिन्यांनी पुन्हा देता येतो. मॉडर्न स्टेट्स ही संस्था या परीक्षांचे अभ्यासक्रम फुकट देते आणि ते पूर्ण करणाऱ्याला परीक्षाशुल्काचं व्हाउचरही देते. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सवर शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र यांची पूर्ण पाठ्यपुस्तकं विनामूल्य उतरवून घेता येतात. एवढ्यावर हजारो डॉलरचं गाइड कशाला हवं?

एक खाच मात्र ध्यानात घ्या. शरीररचना-शरीरक्रिया आणि सूक्ष्मजीवशास्त्र या विषयांची क्लेप नाहीच. ‘सगळं क्लेपने होईल’ म्हणणाऱ्याला नर्सिंगच्या पूर्वअटी ठाऊक नाहीत, किंवा ठाऊक असून तो बोलत नाही. शिवाय अनेक नर्सिंग विभाग शास्त्र विषयांचे जुने गुण धरत नाहीत, प्रयोगशाळेचा भाग वेगळा मागतात आणि कोणत्या परीक्षा चालतील ती यादी बदलत राहतात. गठ्ठा आज घेतला आणि दोन वर्षांनी यादी बदलली, तर नुकसान घेणाऱ्याचं. म्हणून एका वेळी एकच परीक्षा, आणि तीसुद्धा ज्या कॉलेजात जायचं त्याने ‘हे क्रेडिट धरू’ असं लेखी कळवल्यावर.

पुढची गोष्ट सीएनए आणि घरगुती मदतनीसांनी नीट वाचावी. एक्सेलसियरची नर्सिंगची असोसिएट, म्हणजे दोन वर्षांच्या पातळीची, पदवी सर्वांसाठी खुली नाही. एलपीएन, पॅरामेडिक, सैन्यातले वैद्यकीय सहायक अशा रुग्णसेवेचं औपचारिक प्रशिक्षण असलेल्यांसाठी ती आहे. सीएनएचं प्रमाणपत्र त्यात बसत नाही. गठ्ठे विकणारे मात्र सीएनएलाही माल विकतात आणि ‘एलपीएन वाटेत करून घ्या’ असं सहज सांगून मोकळे होतात. वाटेतलं ते एलपीएन म्हणजे परवानाधारक शाळेत हजेरी लावून, वॉर्डात उभं राहून करायचं शिक्षण. ते घरी होत नाही.

वॉर्डाचा प्रश्न सल्लागार शेवटपर्यंत टाळतो. स्वयंअभ्यासाच्या या पदवीतली खरी चाळणी लेखी परीक्षेची नव्हतीच. सीपीएनई नावाची प्रात्यक्षिक परीक्षा शुक्रवार ते रविवार, प्रत्यक्ष रुग्णालयात, खऱ्या रुग्णांवर होई. त्यात लहान मूलही असे. शुल्क दोन हजार डॉलरच्या वर, तारखेसाठी लांब वाट पाहणं, आणि एक निर्णायक चूक झाली की ते रुग्णप्रकरण नापास. कोविडच्या काळात ती बंद पडली आणि तिच्या जागी वेगळं मूल्यमापन आलं, पण हात चालतो की नाही हे तपासणं सुटलेलं नाही.

साधं सलाइन घ्या. 1000 मिलिलिटर आठ तासांत द्यायचंय, सेट 15 थेंबांना एक मिलिलिटर सोडणारा. 1000 गुणिले 15, भागिले 480 मिनिटं: 31.25, म्हणजे मिनिटाला 31 थेंब. गाइडमध्ये उत्तर एवढंच. खाटेजवळ मात्र सेटच्या पाकिटावरचा आकडा स्वतः वाचावा लागतो. सवयीने 20 चा सेट धरला तर हिशेब 42 थेंबांवर जातो आणि तीच बाटली सहा तासांत संपते. वर रुग्णाने कूस बदलली, हात दुमडला की वेग बदलतो. घड्याळ धरून पुन्हा मोजायचं. परीक्षक नेमकं हेच बघतो. पंधरा गाइडं पाठ असलेला माणूस इथे अडतो, आणि तोवर कर्जाचे निम्मे हप्ते फिटलेले असतात.

मग राज्यांचा घोळ. नर्सचा परवाना विद्यापीठ देत नाही, राज्याचं नर्सिंग बोर्ड एनक्लेक्स या परवाना परीक्षेनंतर देतं, आणि प्रत्येक बोर्डाचा नियम वेगळा. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार 5 डिसेंबर 2003 नंतर या न्यूयॉर्कच्या योजनेत नाव घातलेल्यांना तिथे आर.एन. परवाना मिळत नाही. इतर काही राज्यं देखरेखीखालचे जादा प्रात्यक्षिक तास किंवा अनुभव मागतात. ‘दुसऱ्या राज्याचा परवाना काढा आणि बदलून आणा’ हा सल्लागाराचा ठेवणीतला तोडगा. कॅलिफोर्निया बहुराज्य परवान्याच्या करारात नाही आणि परवाना बदलून देतानाही शिक्षण कुठे, कसं झालं ते बघते. आपल्या राज्याच्या बोर्डाला ईमेलने नेमकं विचारा: ‘अमुक विद्यापीठाचा अमुक अभ्यासक्रम मी या वर्षी सुरू केला, तर तुमच्या राज्यात एनक्लेक्सला बसायला आणि पहिला परवाना मिळायला तो मान्य आहे का? जादा तास लागतात का?’ ‘अ‍ॅक्रेडिटेड आहे का’ एवढंच विचारू नका. त्याचं उत्तर ‘हो’ येतं आणि तुमचं काम तरीही अडतं.

अभ्यासाचा खटाटोपच नको म्हणून काही जण थेट पदवीच विकत घेतात. फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांचं प्रकरण जानेवारी 2023 मध्ये उघड झालं. पंचवीस जणांवर आरोप ठेवले गेले, 7,600 हून जास्त बनावट पदविका आणि गुणपत्रकं विकली गेल्याचं समोर आलं, दर माणशी दहा-पंधरा हजार डॉलर. त्यातले सुमारे 2,400 जण एनक्लेक्स पासही झाले. त्याचा उपयोग झाला नाही. पाया खोटा म्हणून राज्यांच्या बोर्डांनी परवान्यांवर कारवाई सुरू केली. ‘एनक्लेक्स पास झालं की मागचं कोण बघतं’ असं कोणी म्हणालं, तर त्याला हे प्रकरण सांगा.

सही होऊन गेली असेल तर घड्याळ बघा. घरी येऊन किंवा हॉटेलच्या सभागृहासारख्या तात्पुरत्या जागी झालेल्या विक्रीला ग्राहकसंरक्षण पाहणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा नियम तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत रद्द करण्याचा हक्क देतो. शनिवार कामकाजाचा दिवस धरतात, रविवार नाही. विक्रेत्याने रद्द करण्याच्या फॉर्मच्या दोन प्रती द्यायलाच हव्यात. निव्वळ फोनवर किंवा ऑनलाइन झालेला सौदा या नियमात येत नाही, हेही जाणून ते फोनवरच उरकतात. पत्र सर्टिफाइड मेलने पोचपावतीसह पाठवा. फोनवरचं ‘केलं हो कॅन्सल’ चालत नाही.

मुदत गेली तरी कर्जाचा कागद वाचा. विक्रेत्यानेच सावकार गाठून दिला असेल, तर 1976 पासूनच्या ‘होल्डर’ नियमानुसार करारात एक ठळक सूचना असायला हवी: विक्रेत्याविरुद्धच्या तक्रारी आणि बचाव कर्जधारकाविरुद्धही मांडता येतील. ही ओळ सापडली तर सावकाराला लेखी वाद कळवा: काय सांगून विकलं, प्रत्यक्षात काय निघालं, कोणते कागद जोडलेत. हप्ते परस्पर थांबवू नका. पतगुण पडतो आणि वसुलीवाले मागे लागतात. तक्रार राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे करा. कमिशन एकेकट्याचं भांडण सोडवत नाही, पण तक्रारी साचल्या की कारवाईला आधार होतो. खुली न केलेली मॉड्यूलं तशीच ठेवा. सील तोडलं की परताव्याचं कलम गळतं.

महाराष्ट्रातून जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, करून अमेरिकेचा विचार करणाऱ्यांना कोणी ‘आधी क्रेडिट परीक्षांनी अमेरिकन पदवी घ्या’ म्हणून पैसे मागितले, तर तिथेच थांबा. नोंदणीकृत जीएनएमला अनेक राज्यांत पदविकेच्या मूल्यमापनावर एनक्लेक्सला बसता येतं. कागद तुमच्या नर्सिंग शाळेकडून आणि मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून थेट मूल्यमापन संस्थेकडे जावे लागतात, एजंटच्या हातून नाही. परीक्षेचं शुल्क 200 डॉलर, परदेशातल्या केंद्रासाठी 150 आणखी. केंद्र मुंबईतही आहे. प्रश्न 85 ते 150, वेळ पाच तास. मूल्यमापनात बालरोग किंवा मानसोपचाराचे प्रात्यक्षिक तास कमी निघाले, तर ते वॉर्डातच भरावे लागतात. कोणतीही लेखी परीक्षा ते भरून देत नाही. एएनएमवरून, म्हणजे सहायक नर्सच्या अभ्यासक्रमावरून, थेट आर.एन. होत नाही. इकडे ‘दूरशिक्षणाने नर्सिंग’ म्हणून जे दाखवतात, त्यातला इग्नूचा पोस्ट बेसिक बीएस्सी हा नोंदणीकृत, अनुभवी नर्ससाठी आखलेला आहे, बारावीनंतरच्या मुलीसाठी नाही.

एजंटला मूळ नोंदणी प्रमाणपत्र देऊ नका, साक्षांकित प्रत पुरे. मूल्यमापन आणि परीक्षेचं शुल्क आपल्याच नावाने खातं उघडून, आपल्याच कार्डावरून भरा. लॉगिन आणि पासवर्ड त्याच्या हाती गेला, तर राज्य कोणतं निवडलं हेही तुम्हाला कळत नाही. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि फसवणूक लक्षात आली असेल, तर भारतातल्या सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. रक्कम समोरच्या खात्यातून पुढे हलली की ती गोठवणं कठीण जातं.