स्पॅनिशचा ‘ऊ’ आणि उच्चार-सरावाचे अ‍ॅप : काही महिन्यांच्या वापरानंतर

स्पॅनिशच्या उच्चारांसाठी मी एका अ‍ॅपची वर्गणी भरली, त्याला आता सहा-सात महिने झाले. रोमन लिपीतील ज्या स्वराक्षराला इंग्रजीत ‘यू’ आणि स्पॅनिशमध्ये ‘ऊ’ म्हणतात, त्या एका अक्षरापुरताच हा अभिप्राय आहे, कारण अ‍ॅपचे बळ आणि उणीव ही दोन्ही तेथेच उघड होतात.

ध्वनी म्हणून हे अक्षर मराठी माणसाला जड जाऊ नये. आपला ‘उ’ त्याच्या पुरेसा जवळ आहे, आणि स्पॅनिशमध्ये ऱ्हस्व-दीर्घामुळे अर्थ बदलत नसल्याने ती चिंताही उरत नाही. आड येतो तो इंग्रजीमार्गे शिरलेला ‘य’कार. आपण ‘क्यूबा’ म्हणतो, पण तेथील लोक आपल्या देशाला ‘कूबा’ म्हणतात. अ‍ॅपमधील ध्वनिमुद्रणे निरनिराळ्या देशांतील वक्त्यांची असून ती संथ गतीनेही ऐकता येतात, त्यामुळे कान लवकर तयार होतो. मायक्रोफोनवरची परीक्षा मात्र फारच उदार आहे. मुद्दाम ‘क्यूबा’ म्हटले तरी हिरवी खूण उमटते.

खरी मेख आहे ती लिहिल्या जाणाऱ्या, पण न उच्चारल्या जाणाऱ्या ‘ऊ’मध्ये. स्पॅनिशमधील ‘ग’चे अक्षर ‘ए’ किंवा ‘ई’पूर्वी आले की त्याचा उच्चार घशातल्या ‘ख’सारखा, लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ‘ह’सारखा होतो; तो ‘ग’च राहावा म्हणून मध्ये मूक ‘ऊ’ लिहितात. ‘पागार’ म्हणजे पैसे देणे, आणि ‘मी पैसे दिले’ यासाठीच्या ‘पागे’ या रूपात हाच ‘ऊ’ फक्त कागदावर असतो. तो उच्चारायचा असेल, तर त्याच्या डोक्यावर दोन टिंबे देतात, जसे ‘पिंग्विनो’ (पेंग्विन) किंवा ‘बेर्ग्वेन्सा’ (लाज) या शब्दांत. म्हणूनच २६ एप्रिल १९३७ रोजी ज्या गावावर बॉम्बवर्षाव झाला आणि ज्याच्या नावाने पिकासोने चित्र काढले, ते ‘गेर्निका’ आहे, ‘ग्वेर्निका’ नव्हे. चीजसाठीच्या ‘केसो’ या शब्दातही ‘ऊ’ असाच मूक आहे. एवढा सरळ नियम अ‍ॅप कोठेही सांगत नाही. प्रत्येक शब्द सुटा घोकून घेते. पैसे घेऊन शिकवणाऱ्याकडून ही अपेक्षा गैर नाही.

याउलट, अंड्यासाठीच्या ‘वेबो’ या शब्दाचा, अनेकांच्या बोलण्यात आढळणारा ‘ग्वेबो’ हा उच्चारही अ‍ॅपने न लपवता ऐकवला आहे. पाठ्यपुस्तके तेथे बहुधा सोवळे पाळतात. ‘सात किंवा आठ’ म्हणताना ‘किंवा’साठीचा ‘ओ’ पुढच्या ‘ओ’मुळे ‘ऊ’ होतो आणि ‘सिएते ऊ ओचो’ असे म्हणतात, हेही वाक्यांच्या पाठांत चांगले ऐकायला मिळते. वर्षाची वर्गणी भरण्याचे कारण नाही. व्याकरणाचे पुस्तक शेजारी ठेवून तीन-चार महिन्यांची घ्यावी आणि मायक्रोफोनच्या गुणांकडे दुर्लक्ष करावे.