ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅम्पर, सातारा ते मालवण: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दोघांसाठी ही कॅम्पर, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय केलेली गाडी, चांगली आहे. मात्र मागच्या एक्सलच्या (चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) पलीकडे जे जे टांगलं, ते ते चुकलं. ऑक्टोबर ते मे या काळात साताऱ्याहून कोकणात तीन फेऱ्या झाल्या. दोघंही साठीच्या पुढचे, त्यामुळे रोजचा पल्ला शंभर-सव्वाशे किलोमीटरचा. नेहमीची वाट उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर अशी. तिथून किनाऱ्याने गणपतीपुळे, विजयदुर्ग, कुणकेश्वर, मालवण. परत येताना कणकवलीहून फोंडा घाट, राधानगरी, कोल्हापूर.

गाडी हातात आली की आधी वजनकाट्यावर न्यावी. आपल्याकडे उसामुळे काट्यांना तोटा नाही. टाक्या आणि डिझेल फुल्ल, सामान जागेवर, दोघं आत, अशा अवस्थेत तीन वजनं घ्यायची: आधी फक्त पुढची चाकं, मग अख्खी गाडी, मग फक्त मागची. पुढचं आणि मागचं मिळून अख्ख्या वजनाशी साधारण जुळायला हवं. मग ते आकडे कंपनीने दिलेल्या एक्सलच्या मर्यादेशी ताडून पाहायचे. एकूण वजन मर्यादेत आणि मागचा एक्सल मात्र ओव्हरलोड, असं सर्रास होतं. आमच्या गाडीत ९० लिटरची पाण्याची टाकी मागच्या एक्सलच्या १.२ मीटर मागे बसवली होती. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ३.३५ मीटर. तरफेचा हिशोब केला तर ९० × ४.५५ ÷ ३.३५ = १२२. पाणी ९० किलोचं, पण मागच्या एक्सलवर भार १२२ किलोचा, आणि पुढचा एक्सल ३२ किलोने हलका. घाटाच्या वळणावर स्टिअरिंग पोकळ लागायचं ते यामुळेच. आता टाकी दोन्ही एक्सलच्या मधे, पलंगाखाली घेतली आहे. तोवर उपाय एकच होता: घाट २५-३० लिटरवर उतरायचा आणि टाकी चिपळूणला भरायची.

घाटात जो गिअर चढताना लागतो तोच उतरताना. ब्रेक सतत दाबून धरायचा नाही. जोरात, थोडा वेळ दाबायचा आणि सोडायचा. जळका वास आला की थांबून गार होऊ द्यायचं. चाकावर पाणी ओतू नये, तापलेलं लोखंड तडकतं. उसाच्या हंगामात पाटणच्या रस्त्याला अंधार पडल्यावर जाऊ नये. टेललाइट नसलेली ट्रॉली हेडलाइटच्या उजेडात अगदी शेवटी दिसते.

तवसाळ-जयगड आणि दाभोळ-धोपावे इथल्या फेरीबोटीत गाडी चढते, मोठा वळसा वाचतो. इथे पुन्हा शेपटाचा प्रश्न. ओहोटीला बोटीची फळी आणि धक्क्याचा उतार यांच्यात तीव्र कोन होतो. पुढची चाकं फळीवर चढली की गाडीचं मागचं टोक खाली जातं आणि सांडपाण्याची टाकी नाहीतर मागची पायरी काँक्रीटला घासते. आमच्या टाकीचा नळ पहिल्याच फेरीत तुटला. आता नळ टाकीच्या तळाला नाही, बाजूला आहे आणि पायरी दुमडती आहे. शक्यतो भरतीच्या आसपासची फेरी धरावी. त्यासाठी कोकणातला जुना हिशोब पुरतो: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, अमावास्येला (पंधरा धरून) सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. कालनिर्णय गाडीत ठेवा, मोबाईलला रेंज नसली तरी अडत नाही. बोटीवर गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक, चाकाखाली लाकडी ठोकळा आणि गॅसचा कॉक बंद.

गाडी पुळणीवर नेऊ नये, पर्यटकांच्या जीप फिरत असल्या तरी. रुतलीच तर रेस करू नका, चाकं आणखी खड्डा करतात. टायरची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा, चाकापुढची वाळू हातांनी काढा, गोणपाट घाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये हलक्या पायाने काढा. हवा भरायचा १२ व्होल्टचा पंप याच कामासाठी लागतो.

आता वीज. खर्च रोज साधारण एक युनिट: ४२ लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज अर्धा, दोन पंखे रात्रभर मिळून पाव ते तीस शतांश, बाकी पंप, दिवे, मोबाईल. बॅटरी २०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे अडीच युनिट. टपावर ३३० वॅटचं सोलर. हिवाळ्यात उघड्यावर सव्वा युनिटपर्यंत मिळतं, सुरूच्या बनात त्याचा चौथा हिस्सा मिळाला तरी खूप. सावली हवी तर वीज नाही, वीज हवी तर उकाडा. माडाखाली तर मुळीच लावू नका, नारळ पॅनेलवर पडला की गेलं.

चालत्या गाडीवरून चार्जिंगसाठी डीसी-डीसी चार्जर लावला आहे, ३० अँपिअरचा. तो सारखा बंद पडायचा. वर्कशॉपने चार्जर बदलून दिला, तरी तेच. दोष वायरमध्ये होता. पाच मीटर अंतराला ६ स्क्वेअर एमएमची वायर टाकली होती. जाऊन-येऊन दहा मीटर आणि ३३ अँपिअर धरले तर जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच पडतो. व्होल्टेज इतकं कमी दिसलं की चार्जरला वाटतं इंजिन बंद आहे. १६ स्क्वेअर एमएमची वायर टाकल्यावर घट तिसऱ्या हिश्श्यावर आली आणि तक्रार संपली. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला. एवढं साधं चुकवणाऱ्या वर्कशॉपने एलईडीच्या रंगीत पट्ट्या मात्र न मागता चार ठिकाणी लावल्या होत्या.

रिसॉर्टवर विजेची लाइन घेताना अर्थिंग आणि व्होल्टेज आधी तपासा. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) गाडीतच असावा. संध्याकाळी व्होल्टेज उतरतं तेव्हा लाइनवरचा चार्जर ट्रिप होतो, तो बिघाड समजू नका.

किनाऱ्यावर पत्रा खातं ते खारं वारं, समुद्राच्या पाण्याला गाडी लागायचीही गरज नसते. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवावं, विशेषतः चाकांच्या कमानी आणि दाराच्या खालचं रूळ. बॅटरीच्या टर्मिनलला व्हॅसलीन. आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला स्टीलचे स्क्रू थेट मारले होते; सहा महिन्यांत प्रत्येक स्क्रूभोवती पांढरी भुकटी आणि ढिलं भोक. दोन वेगळे धातू आणि मधे खारट ओल, की अ‍ॅल्युमिनियम झिजतं. मधे नायलॉनचा वॉशर आणि सीलंट हवं. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी जायला भोकं असतात, ती वाळूने बुजतात आणि पावसाचं पाणी गादीवर येतं. उदबत्तीच्या काडीने महिन्यातून एकदा मोकळी करा.

पाणी दोघांना दिवसाला २५-३० लिटर. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, टाकीत घेण्याआधी चाखा. वीस लिटरचा कॅसेट संडास (खालची टाकी काढून रिकामी करता येते तो) तीन दिवस जातो. रिकामा करायचा तो परवानगीने, संडासातच. त्यात फॉर्मेलिनचं रसायन असेल तर यजमानाच्या सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात. गॅस पाच किलोचा. कपाटाच्या तळाला बाहेर उघडणारी झरोक्याची भोकं हवीतच. हा वायू हवेपेक्षा जड, खालीच साचतो. बदल आरटीओकडून मंजूर करून आरसीवर चढवून घ्या, नाहीतर विम्याच्या वेळी भांडण.

बेटावर जायचं तर सिंधुदुर्ग. मालवणच्या धक्क्यावरून बोट, पाऊण एक तास किल्ल्यावर थांबायला देतात, तो पुरत नाही. दुसऱ्या बोटीने परतायचं आधीच बोलून घ्या. कुरटे बेटावर १६६४ च्या नोव्हेंबरात बांधकाम सुरू झालं. तट बघायचा तर सकाळी, दगड तापायच्या आत. गुडघे कुरकुरत असतील तर तटावरची चढउतार एकाच ठिकाणी करा. मग शिवराजेश्वराचं देऊळ आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी. चारी बाजूंनी खारं पाणी असताना. बोटीत चढताना-उतरताना हात मोकळे हवेत, म्हणून पाठीवरची पिशवी. हर्णैहून सुवर्णदुर्गाला जाणाऱ्या बोटी लहान, पाय भिजवूनच उतरावं लागतं. आमच्या वयाला मालवणच बरं. गाडी गावात पार्क करताना फ्रिज चालू, गॅस बंद, टपावरची खिडकी बंद. ती उघडी राहिली की कावळा आत येतो.

पावसाळ्यात किल्ल्याच्या बोटी बंद असतात, गाडीही साताऱ्यातच उभी. बॅटरी निम्म्यावर ठेवून मेन स्विच काढायचा, टाक्या आणि पंप कोरडे करायचे. फ्रिजच्या दारात लाकडी चमचा अडकवून ते बोटभर उघडं ठेवायचं.