रोटरीत तरुण हवेत : मूळ क्लब, सॅटेलाइट की रोटरॅक्ट?

सभासद वयस्कर होत चालले की संचालक मंडळासमोर हा प्रश्न येतोच. ठराव करण्याआधी एक काम करा. गेल्या दोन-तीन वर्षांत जे सोडून गेले, त्यांना फोन करून कारण विचारा. ते ऐकल्याशिवाय कोणती वाट धरायची हे कळणार नाही.

मूळ क्लबातच माणसं वाढवणं सगळ्यात सोपं, आणि घाईही इथेच होते. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. पदग्रहणात आकडा मोठा दिसावा म्हणून ओळखीतल्या चार जणांना रोटरीची पिन लावून सभासद करायचं, आणि वर्गणीची वेळ आली की त्यांचीच नावं गळायची. नव्या माणसाला हारतुरे नको असतात, काम हवं असतं. पहिल्याच महिन्यात रक्तदान शिबिराची एखादी बाजू त्याच्यावर सोपवा, आणि ज्याने त्याला आणलं त्याने वर्षभर सोबत राहावं. सोडून गेलेले रात्रीच्या सभा आणि जेवणाच्या खर्चाबद्दल बोलले, तर आधी तेच बदला. २०१६ पासून महिन्यातून दोन सभा घेतल्या तरी चालतात.

अडचण वेळेचीच असेल आणि जुने सभासद वेळ बदलायला तयार नसतील, तर माझं मत सॅटेलाइट क्लबाकडे झुकतं. स्वतंत्र क्लबाला २० जण लागतात, इथे ८ पुरतात. त्यांचा वार, वेळ, प्रकल्प वेगळे. कागदोपत्री मात्र ते मूळ क्लबाचेच सभासद. रात्री साडेआठच्या सभेला येऊ न शकणारी शिक्षिका किंवा दवाखाना सांभाळणारं डॉक्टर जोडपं रविवारी सकाळी सातला नक्की येऊ शकतं. पण त्यांना धाकटी पाती समजून नुसतं राबवून घेतलंत, तर वर्षात सगळं विस्कटेल. संचालक मंडळाच्या बैठकीत त्यांचा माणूस पहिल्या दिवसापासून बसवा.

रोटरॅक्ट, म्हणजे रोटरीचे तरुणांसाठीचे क्लब, १९६८ पासून आहे, आणि २०२० मध्ये तिशीची वयोमर्यादाही गेली. गावात महाविद्यालय असेल तर जरूर काढा. वृक्षारोपण असो वा पूरग्रस्तांची मदत, मुलं झटून काम करतात. पण हेच उद्याचे आपले सभासद, असा हिशेब मांडू नका. पदवी झाली की बरेच जण पुण्या-मुंबईला जातात. तिथल्या क्लबाला त्यांचं नाव आणि नंबर मात्र आठवणीने कळवा.