अर्धा एचपी चिलर, बडोद्याचा मे आणि माझा शार्क

हा चिलर, म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी थंड करणारं यंत्र, मी कॅटशार्क या छोट्या, थंड पाण्यातल्या शार्कसाठी घेतला होता. मुलीकडे इंग्लंडला गेलो तेव्हा तिथल्या अक्वेरियममध्ये त्याचं अंडं बघितलं, पिवळसर पाकिटासारखं, मागे दिवा लावलेला आणि आत करंगळीएवढं पिल्लू सारखं वळवळतंय, तेव्हापासून डोक्यातून जात नाही. मोठा झाला तरी ६०-७० सेंटीमीटर, पण पाणी लागतं १५-१६ अंशांचं आणि आपण राहतो बडोद्याच्या दांडिया बाजारात. म्हणून १००० लिटरची टाकी नुसती खारं पाणी भरून जानेवारीपासून चालवली, मासा एकही सोडला नाही.

खोक्यावर लिहिलंय १००० लिटरला चालेल. खोलीपेक्षा किती अंश खाली नेईल ते कुठेच लिहिलेलं नाही आणि खरी गोष्ट तीच आहे. जानेवारीत आरामात १५ वर आला, मी तर खूश. मे महिन्यात बाहेर ४२, दुपारी तीनला काटा २३ वर अडकला तो अडकलाच, कंप्रेसर क्षणभर बंद नाही, कारण पाण्यातून काढलेली गरमी हा खोलीतच सोडतो, खोली तापते आणि मग त्यालाच जड जातं. गॅलरीत सावलीला ठेवला, पाइपांना एसीवाले लावतात तो काळा फोम गुंडाळला, तेव्हा कुठे २१. त्याखाली नाहीच. जूनमध्ये काचेला एवढा घाम सुटायचा की खाली फडकी अंथरून ठेवायचो. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर पंप चालतो, कंप्रेसर उचलत नाही.

शार्क मागवून देणारे एक जण म्हणाले, २५ ला पण राहतो हो, सवय होते. नाही होत! १६ अंशांना लिटरभर समुद्राच्या पाण्यात ८ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, २८ ला साडेसहाच्या खाली, आणि गरम पाण्यात जिवाला ऑक्सिजन जास्त लागतो. तो बिचारा बोलणार थोडीच आहे. नाही मागवला.

आता टाकी २६ वर आहे, गरम समुद्रातल्या क्लाउनफिश माशांची जोडी मजेत आहे. त्या कामाला चिलर एकदम मस्त, आवाज कमी, टायटॅनियम कॉइलला खाऱ्या पाण्यानं काही झालेलं नाही, फक्त जाळीतली धूळ पंधरा दिवसांनी ब्रशनं काढत जा. क्लाउनफिशसाठी पाच स्टार, थंड पाण्याच्या शार्कसाठी दोन. टाकीतली वाळू मात्र मी बारीकच ठेवलीय, शार्कच्या पोटाला लागू नये म्हणून आणली होती ती.