घाटात गाडी तापली आणि ३५ हजारांना फसलो, कोकणात गाडी नेणाऱ्यांनी वाचा

मे महिन्यात गुहागरला गेलो होतो, मी, बायको, दोन मुलं आणि आई. चार दिवस मस्त गेले. शनिवारी परत निघालो, चिपळूण सोडून कुंभार्ली घाट चढायला लागलो, दुपारचे साडेबारा, डिकी फुल, आंब्याच्या दोन पेट्या, एसी चालू आणि गाडी सेकंडवर. अर्ध्या घाटात टेंपरेचरचा लाल दिवा लागला आणि बॉनेटमधून वाफ.

खरं तर गाडीने सकाळीच सांगितलं होतं. शृंगारतळीच्या बाजारात ट्रॅफिकमध्ये उभे होतो तेव्हा एसी गार हवा देईना, गाडी पळायला लागली की परत गार. बायको म्हणालीही, मी म्हणलं ऊन आहे म्हणून असेल. आता कळतंय, रेडिएटरचा फॅन फिरत नव्हता. पळत्या गाडीला वारा मिळतो, उभ्या गाडीला आणि घाटात हळू चढणाऱ्या गाडीला फॅनच लागतो. तेव्हा खाली उतरून एसी चालू असताना फॅन फिरतोय का एवढं बघितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

गाडी साईडला घेतली, मोबाईलला रेंज येत जात होती. दहा मिनिटांत एक जण बाईकवरून आला, म्हणाला साहेब रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका भाजेल. हे बरोबरच होतं त्यामुळे माझा विश्वास बसला. बॉनेट उघडून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या आणि खालच्या ब्लॉकच्या मधलं सील) गेलंय, आता सेल मारलात तर इंजिन सीज होईल, मग लाखाच्या घरात काम जाईल. आई रस्त्याच्या कडेला उन्हात बसलेली, मुलं पाणी मागतायत, मी हो म्हणलं.

त्याच्या ओळखीची जीप आली आणि दोराने टोचन करून गाडी घाट उतरवली. हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. इंजिन बंद म्हणजे ब्रेक दगडासारखा कडक, स्टेअरिंग जड, उतार आणि पुढे दोरावर जीप. घरचे जीपमध्ये बसले होते आणि मी एकटा गाडीत. कृपा करून कोणी घाटात उतारावर दोराने गाडी ओढू देऊ नका, काही झालं तरी क्रेन किंवा फ्लॅटबेड म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रकच मागवा.

गॅरेजवर आधी ९ हजार सांगितले. आम्ही चिपळूणला लॉजवर राहिलो. रविवारी दुपारी फोन, हेड उघडलं, बेंड झालंय, हाफ इंजिनचं काम आहे, ३७,२००. मी म्हणलं थांबा, पुण्याला नेऊन करतो, तर म्हणाला न्या की, पण हेड उघडलेलं आहे, पार्ट पोत्यात भरून देतो. इथेच माणूस अडकतो, गाडी त्याच्या ताब्यात आणि आपल्याला वाटतंय की ती खोललेली आहे. गॅरेजवर गेलो तर बॉनेटवर फडकं टाकलेलं, एअर फिल्टरचा डबा आणि बॅटरी काढून खाली ठेवलेली, आणि टेबलावर एक काळं जळकं गॅस्केट. हे बघा तुमचं, म्हणाला. बायकोने त्याचा फोटो काढून ठेवला, ते तिचे उपकार.

सोमवारी संध्याकाळी ३५ हजारांवर तोडलं. पैसे यूपीआयने त्याच्या पर्सनल नंबरवर, पक्कं बिल मागितलं तर म्हणाला जीएसटी लावून अजून वाढतील. बिनानावाच्या पॅडवर हाताने लिहून दिलं, गॅस्केट किट ६,८००, हेड फेसिंग ३,५००, टायमिंग बेल्ट ४,२००, असं करत करत.

पुण्यात आल्यावर आमच्या नेहमीच्या मेकॅनिककाकांना गाडी दाखवली, सहज, नवीन काम झालंय तर एकदा बघा म्हणून. त्यांनी टॉर्च मारला आणि गप्प झाले. हेडचे बोल्ट वरच्या कव्हरच्या आत असतात, ते कव्हर काढल्याशिवाय हेड निघतच नाही, आणि त्या कव्हरच्या कडेला कंपनीचं पेस्ट जसंच्या तसं आणि वर अनेक वर्षांची धूळ. मग बिल वाचलं, म्हणाले तुमच्या गाडीला टायमिंग बेल्ट नाहीच, चेन आहे. शेवटी बायकोने फोटो दाखवला. गॅस्केटला प्रत्येक सिलेंडरसाठी एक मोठं गोल भोक असतं. काकांनी स्क्रीनवर बोट ठेवून ते गोल मोजले, एक दोन तीन चार. आमची गाडी तीन सिलेंडरची आहे. नवीन काय बसवलं होतं तर फॅनची रिले, म्हणजे फॅन चालू-बंद करणारा छोटा स्विच. काही शे रुपयांची वस्तू.

काकांनी तेव्हा जे सांगितलं ते लिहितो. हेड गॅस्केट खरंच गेलं असेल तर खुणा दिसतात, सायलेन्सरमधून पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा चिकट थर, गाडी गार झाल्यावर झाकण उघडून इंजिन चालू केलं की रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे. यातलं काहीच न बघता कोणी दोन मिनिटांत गॅस्केट म्हणाला तर हेड खोलायला हो म्हणू नका. टेंपरेचरची सुई वर जायला लागली की लगेच एसी बंद करून हीटर फुल करायचा, गरम हवा अंगावर येते पण इंजिनची उष्णता कमी होते, मग सुरक्षित जागा बघून थांबायचं आणि गाडी नीट गार झाल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं की माझ्या इन्शुरन्समध्ये रोड साईड असिस्टन्स होतं, दरवर्षी त्याचे पैसे भरतोय, आणि नंबर डॅशबोर्डमधल्या पॉलिसीच्या कागदावर छापलेला होता. थोडं खाली चालत गेलो असतो तर रेंज मिळाली असती. नॅशनल हायवेवर असाल तर १०३३ आहे, तोही सेव्ह करा, आणि कागदाचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये ठेवा.

१९१५ वर म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली आहे. आता पुण्यातच जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करतोय, २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो तिथे दाखल करता येते, चिपळूणला खेपा माराव्या लागत नाहीत, आणि पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला फी नाही. बिल न देणं हासुद्धा त्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथेत येतं. तक्रारीला यूपीआयचा स्क्रीनशॉट, ते हाताने लिहिलेलं बिल आणि गॅस्केटचा फोटो जोडलाय, आणि सोबत आरसीची झेरॉक्स. आरसीवर सिलेंडरची संख्या छापलेली असते, तिथे ३ आहे, त्याला लाल पेनाने गोल केलाय.